कोपऱ्यातलं नाव

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत काढलेला माझा घोड्याचा फोटो एका दुकानाच्या फ्लेक्सवर दिसला. कोपऱ्यातलं नाव छाटलेलं. मग वॉटरमार्कचा उपयोग काय?
– एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, कोपऱ्यातलं नाव म्हणजे बांधावरची केळी, येणारा-जाणारा घड तोडणारच. माझा तापीकाठच्या बागेचा फोटो असाच गेला, तेव्हापासून मी नाव मधोमध टाकतो. तुमचं नाव घोड्याच्या मानेवरून आयाळीत शिरू द्या. तिथे पुसायला गेलं की केसांच्या रेघा मोडतात. मोकळ्या आभाळावरचं नाव पोरंसोरं मोबाइलवर बोटाने पुसतात. नावाचा गडदपणा २५-३० टक्के पुरे. घोडा दिसायला हवा, आपली पाटी नव्हे. हल्लीची एआय साधनं तेही पुसतात, म्हणून नेटवर टाकताना फोटोची लांब बाजू १२०० पिक्सेलच्या आतच ठेवा. मोठ्या फ्लेक्सवर असा फोटो फुटतो.

दुकानदाराचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने स्वतःसाठी काढलेल्या फोटोवर तुमचाच हक्क, नोंदणीची अट नाही. भांडायला जाऊ नका. पुरावा म्हणून मूळ फाइल न्या, त्याच घोड्याचे त्याआधी-त्यानंतर काढलेले दोन फोटोही न्या. ते काही त्याच्याकडे नसणार.