इंग्लंडमधील प्राथमिक शाळेत सेक्स एज्युकेशनच्या तासाला मुलीला बसू द्यावे का?

शाळेच्या पत्राला ‘आमच्या मुलीला या तासाला बसवू नये’ असे उत्तर द्यावे का, असे आपण विचारले आहे. २०१८ साली मी तसे उत्तर दिले होते, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही तेव्हा लेस्टरला होतो आणि मुलगी इयर फाइव्हमध्ये, दहा वर्षांची होती. माझे थोरले दीर आमच्या आधी पंधरा वर्षे या देशात आलेले, त्यामुळे शाळेपासून गाडीच्या विम्यापर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे. ‘आपल्या घरात हे चालत नाही, वेळ आली की तिची आई सांगेल,’ असे ते जेवताना म्हणाले, यजमानांनी मान डोलावली आणि मी सही करून चिठ्ठी दप्तरात घातली. त्या दुपारी वर्गातल्या मुली मासिक पाळीविषयी ऐकत असताना माझी मुलगी लहान मुलांच्या वर्गात बसून पेन्सिलींना टोके काढत होती. वेळ आली की सांगणारी आई मात्र वेळ येण्याची वाटच पाहत राहिली.

पुढच्या जानेवारीत धुण्याचे कपडे गोळा करताना तिच्या पीईच्या (खेळाच्या तासाच्या) पिशवीत, बुटांच्या आत कोंबलेल्या तीन चड्ड्या मला सापडल्या. रक्त वाळून काळे पडले होते. पोटात काही फुटले की असे होते, असे मैदानावर कोणीतरी तिला सांगितले होते. चार दिवस ती शाळेच्या स्वच्छतागृहातल्या कागदाच्या घड्या वापरत होती आणि आपण आजारी आहोत हे आम्हाला कळू नये म्हणून गप्प होती.

आता नियम बदलले आहेत. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत रिलेशनशिप्स एज्युकेशन सक्तीचे आहे आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत हेल्थ एज्युकेशनही. पाळी आणि वयात येतानाचे बदल हेल्थ एज्युकेशनमध्येच येत असल्यामुळे त्यातून नाव काढता येत नाही. विज्ञानाच्या तासातूनही नाही. प्राथमिक शाळेत सेक्स एज्युकेशन सक्तीचे नाही आणि त्यातून मुलीला वगळण्याची मागणी पालकांनी केल्यास मुख्याध्यापकांना ती मान्य करावी लागते. तेव्हा आपले पत्र नेमके कशाविषयी आहे, ते आधी पाहावे.

माझे मत विचाराल तर बसू द्यावे. हे शिकवल्याने मुले बिघडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी (हे आमच्या भाऊजींसाठीच आहे) तो अभ्यासक्रम एकदा वाचावा. त्यातला बराचसा भाग मैत्री, घरातली माणसे, इंटरनेटवरचे वागणे आणि नकोसा स्पर्श यांविषयी आहे. नकोशा स्पर्शाला नाही म्हणायला शिकवणारे, एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेच्या चड्डीवाल्या डायनासोरचे गाणे भाऊजींच्या नातवाला तोंडपाठ आहे आणि गालगुच्चा घेणाऱ्या पाहुण्यांना तो ‘नको म्हणजे नको’ असे बजावतो, तेव्हा सर्वांत मोठ्याने कौतुक तेच करतात.

अर्थात सगळेच शिक्षक हे कौशल्याने शिकवतात असे नाही, म्हणून कोणती चित्रे आणि चित्रफिती दाखवणार आहेत, हे शाळेत जाऊन पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत. आणि उत्तर पाठवण्याआधी मुलीलाही विचारावे. आम्ही तिघा मोठ्यांनी जेवणाच्या टेबलावर निर्णय घेतला तेव्हा ती समोरच बसून वरणभात कालवत होती.