पडल्यावर मुलाच्या दाताला थंड लागत नाही, म्हणजे दात मेला का?

एवढ्यावरून नाही म्हणता येत. तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, दहा दिवसांपूर्वी तोंडावर पडला, वरचा पुढचा दात जागेवरच आहे पण हलत होता आणि गार बोळा लावल्यावर त्याला काहीच कळलं नाही. एक डॉक्टर लगेच रूट कॅनल करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. मी लहान मुलांचेच दात बघतो आणि माझं मत दुसऱ्यांच्या बाजूने आहे. फक्त थांबायचं ते तारखा ठरवून.

गार बोळा काय किंवा विजेचा सौम्य झटका काय, दोन्ही तपासण्या दातातल्या मज्जातंतूला हाक मारून बघतात. दात जगतो तो मात्र रक्तावर. मार लागला की मज्जातंतू बधिर होतात, रक्तपुरवठा शाबूत असला तरी. जाणीव परतायला तीन महिने लागू शकतात, कधी त्याहूनही जास्त. त्यात आठव्या वर्षी या दाताचं मूळ अजून अर्धवट असतं, ते पुरं होतं साधारण दहाव्या वर्षी. तोवर झटका ओळखणारे तंतूही पुरते तयार नसतात, त्यामुळे मार न लागलेला शेजारचा दातसुद्धा विजेच्या तपासणीत गप्प बसू शकतो.

शिवाय उत्तर देणार कोण, तर घाबरलेलं मूल! मी आधी कोरडाच बोळा टेकवतो. पुष्कळ मुलं तेवढ्यावरच हात वर करतात. मग चांगल्या दाताला गार लावून 'हे असं लागतं बघ' म्हणतो आणि त्यानंतर दुखऱ्या दाताकडे वळतो. दुधाच्या दातांवर तर या तपासण्या मी करतच नाही.

रक्तप्रवाह थेट मोजणारी साधनं आहेत: लेझर डॉपलर, किंवा बोटाला लावतात तसा पल्स ऑक्सिमीटर. पण दाताला नीट बसणारी क्लिप सहसा मिळत नाही, आणि लेझर हिरडीतलं रक्तही मोजून मोकळा होतो.

माझा खरा भरवसा एक्स-रेवर. पुढचे दोन्ही दात एकाच एक्स-रेत घ्यायला सांगा आणि पहिला जपून ठेवा. काही महिन्यांनी मार लागलेल्या दाताचं मूळ शेजाऱ्याच्या बरोबरीने वाढलं, भिंती जाड झाल्या, टोक मिटत आलं, तर आतला पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला दाताचा मऊ गाभा, जिवंत आहे. मेलेल्या पल्पला हे जमत नाही. शेजारी पुढे गेला आणि हा तिथेच अडकला, तर संशय घ्यायचा. रंगावर फार जाऊ नका. करडा झालेला दात कधी कधी पुन्हा उजळतो, आणि पिवळसर झाला तर बहुधा आतली पोकळी भरत चाललेली असते, म्हणजे आत कुणीतरी काम करत होतं.

दंत-इजांच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पल्प मेला म्हणायला किमान दोन खुणा हव्यात, नुसतं 'थंड लागत नाही' पुरत नाही.

घाई नको म्हणतो ती यासाठी की आत्ता पल्प काढला तर मुळाची वाढ तिथेच थांबते आणि पातळ भिंतींचा दात पुढे सहज मोडतो. पण संसर्ग झालाच, तर मुलांमध्ये मूळ काही आठवड्यांत झिजू लागतं. म्हणून जागेवर राहिलेल्या पण हललेल्या दातासाठी 2 आठवडे, 12 आठवडे, 6 महिने आणि 1 वर्ष या तपासण्या चुकवू नका. दात सरकला असता तर फेऱ्या वाढल्या असत्या, आणि पूर्ण निखळून परत बसवलेल्या दाताचा हिशेबच वेगळा. मधेच हिरडीवर पुळी आली, सूज आली किंवा चावताना दुखायला लागलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.