'फुकट' तिकिटाचे पैसे कशाचे? विमानाच्या माइल्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत दोनच तक्रारी पुन्हापुन्हा दिसतात. माइल्स (विमान कंपनीच्या योजनेत साठणारे पॉइंट, ज्यांवर तिकीट काढता येतं) वापरूनही भरावी लागणारी रक्कम ही एक आणि विमान कंपन्यांची आपापसांतली मैत्री तुटली-जुळली की साठवलेल्या माइल्सचं काय होतं ही दुसरी. निवडक प्रश्न घेतले आहेत.

मुलगी लंडनला असते. मुंबई–लंडन जाण्यायेण्याचं तिकीट माइल्सवर काढायला बसलो, तर माइल्स कापून वर पंचवीस हजार रुपये मागितले. फुकट म्हणायचं आणि पैसे घ्यायचे, ही फसवणूक नाही का? – वाचक, रत्नागिरी

फसवणूक म्हणता येणार नाही, नियमांत ते लिहिलेलं असतं. पण राग येणं रास्त आहे. माइल्सनी फिटतं ते फक्त मूळ भाडं. उरलेली रक्कम दोन जातींची असते आणि त्या दोन्ही मुद्दाम एकाच ओळीत दाखवल्या जातात. पैसे भरण्याआधी त्या ओळीवर क्लिक करा, फोड उघडते.

फोडीत दोन-दोन अक्षरांचे संकेत दिसतील. 'आयएन' म्हणजे आपल्या विमानतळाचं यूडीएफ (वापरकर्ता विकास शुल्क), 'के३' म्हणजे जीएसटी, 'जीबी' म्हणजे ब्रिटनचा हवाई प्रवासी कर. हे पैसे सरकारला किंवा विमानतळाला जातात, त्यांत घासाघीस नाही. 'वायक्यू' आणि 'वायआर' हे अधिभार मात्र विमान कंपनीच्या स्वतःच्या खिशात जातात. तुमच्या पंचवीस हजारांतला मोठा वाटा बहुधा याच दोघांचा निघेल. भारतातून निघणाऱ्या तिकिटात या अधिभारावर जीएसटीही लागतो: इकॉनॉमीला ५ टक्के, त्यावरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के.

हा अधिभार जन्मला तो इंधन महागलं म्हणून. कंपन्यांनी मूळ भाडं वाढवण्याऐवजी वेगळी ओळ काढली. त्यात त्यांची सोय अशी, की एजंटचं कमिशन आणि मोठ्या ग्राहकांची सवलत मूळ भाड्यावर मोजली जाते, अधिभारावर नाही. माइल्सवाल्याकडूनही त्याच ओळीतून रोख वसूल करता येते. पुढे इंधन उतरलं, पण ओळ राहिली. बऱ्याच कंपन्यांनी तिच्या नावातला 'इंधन' हा शब्द तेवढा काढून टाकला.

आता कामाची गोष्ट. त्याच विमानातली तीच सीट वेगवेगळ्या कंपन्यांच्या माइल्सवर काढली तर अधिभार वेगळा पडतो. ब्रिटिश एअरवेजचा अधिभार जड म्हणून कुप्रसिद्ध आहे. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांवरच्या माइल्स-तिकिटांचा अधिभार २०१७ मध्ये काढून टाकला. (त्याच दमात ऑनलाइन तिकिटावरची १५ टक्के माइल्स-सवलतही काढली, हेही लक्षात असू द्या.) एअर कॅनडाची 'एरोप्लॅन' ही माइल्स-योजना नोव्हेंबर २०२० पासून भागीदार कंपन्यांच्या तिकिटांवरही तो घेत नाही, फक्त ३९ कॅनडियन डॉलरची बुकिंग फी घेते. अमेरिकेची युनायटेडही घेत नाही. एअर इंडिया, युनायटेड, एअर कॅनडा आणि सिंगापूर या सगळ्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या, म्हणून मुंबई–लंडनचं एअर इंडियाचं विमान त्यांच्या माइल्सवरही काढता येतं, भागीदारांसाठी सोडलेली सीट शिल्लक असेल तर.

घ्यायचं की नाही ते गणिताने ठरवा. रोखीचं भाडं घ्या, त्यातून माइल्स-तिकिटावर भरावी लागणारी रोख वजा करा, उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सनी भागा. समजा रोखीचं तिकीट ४६,००० रुपयांचं आहे. एका योजनेत २४,००० माइल्स आणि २५,००० रुपये लागतात: वाचले २१,०००, म्हणजे एका माइलला साडेसत्त्याऐंशी पैसे. दुसरीकडे ३०,००० माइल्स आणि ९,००० रुपये लागतात: वाचले ३७,०००, म्हणजे माइलला सव्वा रुपयाच्या आसपास. कमी माइल्सवालं तिकीट इथे महाग पडलं. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या तारखांचे घालून बघा. रोखीच्या तिकिटावर नवे माइल्सही मिळाले असते, तेही धरा.

ब्रिटनचा कर फक्त तिथून निघताना लागतो, म्हणून तुमच्या परतीच्या वाटेवर. इकॉनॉमीपेक्षा वरच्या वर्गांत तो दुपटीहून जास्त आहे. इकॉनॉमीत बसणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. नातवंडांना घेऊन येणार असाल तर त्यांच्या तिकिटाची फोड आवर्जून तपासा.

विस्ताराचे पॉइंट जमवले, आता ती कंपनीच राहिली नाही. पॉइंट मोडीत निघाले असं समजायचं का? – वाचक, सावंतवाडी

नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट 'महाराजा क्लब'मध्ये एकास एक गेले. आकडा तोच राहिला, पण त्या आकड्यात काय मिळतं ते बदललं, कारण दर आता महाराजा क्लबचा. खरी नाराजी इथेच असते. शिल्लक बघून माणूस निश्चिंत होतो आणि तिकीट काढायला बसल्यावर चटका लागतो. जमेची बाजू एवढीच, की विस्तारा कुठल्याच अलायन्समध्ये नव्हती आणि एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे.

पॉइंट दिसतच नसतील तर कारण बहुतेक वेळा नावात सापडतं. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, जुन्या खात्यात मात्र नुसतं पहिलं नाव टाकलेलं असतं. दोन्हीकडे खाती असतील आणि नाव, जन्मतारीख किंवा ईमेल जुळत नसेल, तर यंत्रणा त्यांना दोन माणसं समजते. आधी नव्या खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मग दोन्ही सदस्य क्रमांक आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडून खाती एकत्र करायची लेखी विनंती करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखलाही सोबत द्यावा. फोनवर सांगून हे काम होत नाही, तक्रार क्रमांक घ्या.

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला उडायची थांबली तेव्हा तिचे माइल्स वाचले, कारण ती योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. पुढे ती इंटरमाइल्स झाली. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले होते ती जमिनीवरच राहिली. पॉइंट ही ठेव नव्हे. व्याज नाही आणि दर ठरवणारा दुसराच. पुढच्या वर्ष-दीड वर्षात वापरायचे नसतील तर मुद्दाम खर्च करून जमवू नका, आणि बँकेच्या कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे सीट दिसल्याशिवाय वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत.

यजमान मस्कतला असतात, ओमान एअरने ये-जा करतात. माइल्स कुठे जमा करावेत? – वाचक, खेड

ओमान एअर ३० जून २०२५ ला वनवर्ल्ड या अलायन्समध्ये आली. त्यामुळे तिच्याच योजनेत न अडकता वनवर्ल्डच्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यातही जमा करता येतं. आमचा कल 'एव्हिओस' चालवणाऱ्या योजनांकडे आहे. ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, कतार (मार्च २०२२ पासून) आणि फिनएअर (मार्च २०२४ पासून) हेच नाणं वापरतात, आणि खाती जोडली की एकीकडून दुसरीकडे नेता येतं. उद्या एकीने दर वाढवला तर दुसरीकडे जायची वाट मोकळी राहते. एका प्रवासाचे माइल्स मात्र एकाच खात्यात जातात आणि एकदा पडले की एव्हिओसच्या योजना सोडल्या तर दुसऱ्या योजनेत हलत नाहीत. म्हणून सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच द्या, नाहीतर चेक-इनला सांगा आणि बोर्डिंग पासवर तो छापलाय का ते बघा.

खूप स्वस्त तिकिटावर एव्हिओस कमी पडतात किंवा पडतच नाहीत. ते तिकिटावरच्या वर्गाच्या एका अक्षरावर ठरतं.

माइल्सवर काढलेलं तिकीट हातात आहे. प्रवास तीन महिन्यांनी. आता ऐकतो की त्या दोन कंपन्यांची भागीदारी संपतेय. काय करू? – वाचक, मालवण

शक्यतो काही करू नका. भागीदारी संपायच्या आत निघालेली तिकिटं साधारणपणे पाळली जातात. अमेरिकेच्या अलास्का एअरलाइन्स आणि एमिरेट्स ३१ जुलै २०२१ ला वेगळ्या झाल्या, स्कँडिनेव्हियाची एसएएस ३१ ऑगस्ट २०२४ ला स्टार अलायन्समधून बाहेर पडून दुसऱ्या दिवशी स्कायटीम या दुसऱ्या गटात गेली. अशा वेळी कुऱ्हाड नव्या तिकिटांवर पडते. पण तारीख बदलणं म्हणजे तिकीट नव्याने काढणं, आणि मैत्री तुटल्यावर ते जमत नाही. मग तिकीट रद्द करून माइल्स परत घेणं एवढाच मार्ग उरतो. तारखेबद्दल जराही शंका असेल तर आजच बदलून घ्या.

मग तिकीट खरोखर 'निघालंय' का ते तपासा. नुसता पीएनआर पुरेसा नाही. तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक हवा, आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात: एअर इंडिया ०९८, ब्रिटिश एअरवेज १२५, कतार १५७, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा २२०, सिंगापूर ६१८. क्रमांक नसेल तर आरक्षण आहे, तिकीट नाही. ते आपोआप रद्द होतं आणि कोणी कळवतही नाही. दुसरं, विमान ज्यांचं आहे त्यांचा पीएनआर वेगळा असतो. तो तिकीट काढणाऱ्या कंपनीकडून मागून घ्या आणि उडवणाऱ्या कंपनीच्या ॲपवर टाकून बघा. तिथे तिकीट क्रमांकासकट प्रवास दिसला की निर्धास्त.

वेळापत्रक बदललं तर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतील. नियम असा, की आगाऊ बदल झाला तर तिकीट काढणाऱ्याकडे जायचं. प्रवासाच्या दिवशी विमानतळावर गोंधळ झाला तर ज्याचं विमान त्याच्या काउंटरवर. ॲपमध्ये आलेला बदल चटकन 'मान्य' करू नका. मान्य केलात की पैसे-माइल्स पूर्ण परत मागायचा हक्क सुटू शकतो.

आणि आधी झालेल्या प्रवासाचे माइल्स पडले नसतील तर मागणी आत्ताच करा. बोर्डिंग पासचा फोटो ठेवा, तो कागद वर्षभरात पांढरा पडतो.

लंडनहून चतुर्थीला येतोय. माइल्सवर लंडन–मुंबई–मोपा आणि तसंच परत, असं एक तिकीट आहे. परतताना बहिणीसोबत गाडीने मुंबईला जाऊन तिथूनच लंडनचं विमान पकडलं तर चालेल का? – वाचक, कुडाळ

अजिबात नाही. मोपा–मुंबईला हजर झाला नाहीत की यंत्रणा पुढचा मुंबई–लंडन टप्पाही रद्द करते, आणि ते तुम्हाला मुंबईच्या काउंटरवर सामान ठेवल्यावर कळेल. येतानाही तसंच. मुंबईलाच उतरून मोपाचं विमान सोडलंत, तर परतीचं सगळं जातं. बदल हवा असेल तर प्रवासाआधी तिकीट काढणाऱ्या कंपनीकडून तो टप्पा काढून घ्या. माइल्सवर जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढलं तर एकाचा फटका दुसऱ्याला बसत नाही. बऱ्याच योजनांत एकेरीला बरोबर निम्मेच माइल्स लागतात, तेव्हा जोडीने काढायचं कारणही नसतं.

मुंबईपर्यंत स्वतंत्र सोयीने जाणाऱ्यांनी अंतर जास्त ठेवावं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुळातच धीम्या असतात, दरड आली तर दिवस जातो, आणि चतुर्थीनंतरच्या परतीच्या गर्दीत महामार्गाचा भरवसा नाही. आदल्या दिवशी मुंबईत असा. गोव्याचं आतलं विमान शोधताना मोपाचा संकेत 'जीओएक्स' आणि दाबोळीचा 'जीओआय' आहे हे बघा. कुडाळकराला दाबोळीचं तिकीट निघालं तर अख्खं उत्तर गोवा ओलांडावं लागतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने तीच खबरदारी मुंबईतही हवी. आतलं विमान नवी मुंबईला उतरत असेल आणि लंडनचं सहारहून असेल, तर मध्ये रस्त्याचे दोन तास, सामान घेण्याचा वेळ आणि पुन्हा सुरक्षा तपासणी असं सगळं धरून किमान सहा तास ठेवा.

जहाजावर नोकरी. तिकीट कंपनी काढते. माइल्स माझे की कंपनीचे? – वाचक, दाभोळ

जो बसतो त्याचे. पण दर्यावर्दींचं मरीन भाडं वेगळ्या वर्गात येतं, आणि त्यावर काही योजना कमी माइल्स देतात, काही शून्य. साइन-ऑनच्या (जहाजावर रुजू होतानाच्या) तिकिटावर वर्गाचं अक्षर बघून योजनेच्या तक्त्यात ताडून घ्या.

मुलगा टोरांटोहून त्याच्या माइल्सवर आम्हा दोघांचं तिकीट काढतोय. व्हिसा मिळाला नाही तर पैसे बुडतील का? – वाचक, गुहागर

तिकिटासाठी तुमचं खातं असायची गरज नाही, फक्त नावं पासपोर्टप्रमाणे टाकायला सांगा. रद्द केल्यावर माइल्स मुलाच्या खात्यात जातात, दंड योजनेप्रमाणे कापला जातो. सरकारी कर आणि विमानतळाची फी प्रवास न झाल्यास परत मिळायला हवी. भारतीय कंपन्यांच्या, मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटालाही डीजीसीएचा (आपल्या हवाई वाहतूक नियामकाचा) हा नियम लागू आहे. अधिभार, म्हणजे वायक्यू-वायआर, परत मिळेल की नाही हे त्या तिकिटाच्या अटींवर, तेव्हा रद्द करायच्या पानावर परताव्याची फोड बघूनच शेवटचं बटण दाबा. रद्द करायचं ते विमान सुटण्याच्या आत. सुटून गेल्यावर 'नो-शो' लागतो आणि काही योजना माइल्सही देत नाहीत. पैसे ज्या कार्डाने भरले त्याच कार्डावर येतात, म्हणून मुलाने मधल्या काळात ते कार्ड बंद करू नये. व्हिसाचा निकाल यायच्या आत तिकीट काढायचंच असेल, तर आधी फुकट किंवा स्वस्तात रद्द होणारा प्रकार निवडायला सांगा. थोडे माइल्स जास्त लागतील, ते लागू द्या.