रोज मासळी कापते, पण ते रक्त बघवलं नाही

प्रश्न : मी मालवणची, वय बावन्न. घरगुती खानावळ चालवते. रोज सकाळी आडाळ्यावर इसवण, बांगडे कापते, हात रक्ताने माखतात, कधी काही वाटलं नाही. मे महिन्यात मुंबईहून पुतण्या आणि त्याची अकरा वर्षांची बहीण आली होती. पुतण्याने रात्री टीव्हीवर एक परदेशी भयपट लावला. त्यात एक माणूस तळघरात मुलीला खुर्चीला बांधून तिची बोटं एकेक करून तोडतो. मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी पडवीत जाऊन बसले. ‘काय गो काकी, घाबरलंस?’ म्हणून सगळे हसले, धाकटीसुद्धा. अजून भांडी घासताना मधेच तो कटकन आवाज कानात येतो. भुताखेतांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, या वयात भित्री झाले का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : इसवण तुमच्या आडाळ्यावर येते तेव्हा ती मेलेली असते आणि तुमच्या डोक्यात दुपारची ताटं असतात. त्या तळघरात एक जिवंत मुलगी गयावया करत होती आणि कॅमेरा तिथून हलायला तयार नव्हता. दोन्हीकडे रक्त आहे, एवढंच साम्य. कुणाचे हाल असे चवीने दाखवणं तुम्हाला सोसलं नाही, आणि हसणाऱ्यांपेक्षा मला तुमचंच वागणं सरळ वाटतं.

आता अंधारीचं. जखम किंवा रक्त पाहून काहींची नाडी आधी वाढते आणि मग एकदम मंदावते. रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, घाम फुटतो. इंजेक्शनची सुई पाहून धडधाकट माणसंही अशीच कोसळतात. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. पुन्हा तसं वाटलं तर चालत जाऊ नका, वाटेत पडाल. आहात तिथेच आडव्या व्हा. नुसती चाहूल लागली असेल तर मांड्या, पोटऱ्या आणि मुठी घट्ट आवळून धरा, त्याने रक्तदाब सावरतो.

राहिला तो आवाज. हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’त न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग आहे. सुरा खुपसल्याचा आवाज एका जातीच्या खरबुजात सुरी भोसकून काढला होता, आणि सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चक्क चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. हाडं मोडल्याच्या आवाजासाठी सेलरीच्या जुड्या पिळतात. तुम्ही ऐकलेलं ‘कटकन’ही बहुधा कुठल्या तरी भाजीचंच असेल! पण हे खोटं आहे ही बातमी शरीराला उशिरा पोचते, तोवर छाती धडधडून मोकळी झालेली असते.

भुतांच्या गोष्टींनी तुम्हाला असं कधी झालं नाही, याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडच्या भुतांना हद्द असते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्याकाठी. चकवा रात्रभर फिरवतो, पण उजाडलं की सोडतो. आरवलीचा वेतोबा तर रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजवतो, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. भीती आहे, पण तिच्याशी देणंघेणं करता येतं. शिवाय गोष्ट सांगणारी आजी हाताच्या अंतरावर असायची. त्या तळघरातल्या माणसाला ना हद्द, ना मागणं, ना कारण. त्याला नारळ तरी कसला देणार?

२००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना अपघात-मृत्यूची विदारक दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा खेळ दिला. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. डोळे गुंतले की चित्राला जागा उरत नाही. तुमच्या बाबतीत तो अर्धा तास केव्हाच गेला, तरी भांडी घासताना डोळे रिकामे असतात हे लक्षात घ्या. आवाज आला की ती ठेवा बाजूला आणि अबोलीचा वळेसर करायला बसा, किंवा मोबाइलवर तोच खेळ खेळा. महिना उलटूनही झोप लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मला खरी काळजी धाकटीची वाटते. थिएटरात ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला अठरा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चेही ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे भाग केले. घरी दारात तिकीट तपासणारा नसतो. ओटीटीवर वयाची खूण येते, पण रिमोट पुतण्याच्या हातात! मोठे हसले की मुलं हसतात, त्यावरून काही ठरवू नका. तिला फोन करा, आधी तुम्हाला काय झालं ते सांगा आणि मग तिला विचारा, रात्री दिवा बंद करून झोपतेस का. पुतण्याच्या आईलाही कळवा. पिन घालून असे सिनेमे बंद ठेवायची सोय त्या ॲपमध्येच असते.