दरड कोसळून गेलेल्या वाडीने एकमेकांच्या मनाची काळजी कशी घ्यावी? डॉक्टर नसताना गावकरी काही करू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या पावसाळ्यात वाडीवर दरड आली, माणसं गेली. समुपदेशक दोन दिवस येऊन गेले, मदतीचे चेकही मिळाले. आता ढग आले की लोक घराबाहेर येऊन बसतात. एक काकू कुणाशी बोलत नाहीत, दोन-तीन पोरं दारूला लागलीत. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही. अशा वेळी बचत गटाने आणि तरुण मंडळाने हात घालावा का, की त्याने जास्तच बिघडेल?

हात घाला. मी उमरगा तालुक्यातली. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी शाळेत होते. पुढे बचत गटांसोबत आणि घरात आत्महत्या झालेल्या शेतकरी कुटुंबांसोबत बरीच वर्षं काम केलं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय की धक्का बसलेल्या गावाला सावरायचं बहुतेक काम गावच करतं. डॉक्टर लागतो, पण थोड्या जणांना आणि ठरावीक वेळी. बाकीच्यांना लागतं ते दर आठवड्याला न चुकता येणारं माणूस. त्या माणसाने ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर तलाठ्याकडे सोबतही जायचं.

आधी काय करू नये ते सांगते. सगळ्यांना समाजमंदिरात बसवून “त्या रात्री काय झालं ते सांगा, मन हलकं होईल” असं करू नका. तसं प्रेमापोटीच केलं जातं, पण दुर्घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता मानसिक प्रथमोपचारात तीन साध्या गोष्टी सांगते: बघा, ऐका, जोडून द्या. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं आणि ज्याला नाही त्याच्याजवळ नुसतं बसायचं. दोन दिवसांत आलेल्या समुपदेशकांना मी नावं ठेवत नाही. पण दु:खाला दोन दिवसांत तोंड फुटत नाही, आणि फुटतं तेव्हा ते लोक निघून गेलेले असतात.

आमच्याकडे ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. दगडमातीची जाड भिंतींची घरं, वर मातीचं जड धाबं. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास ८ हजार माणसं गेली. नंतर कितीतरी महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि पक्की घरं मिळाल्यावरही बाहेर बाज टाकून झोपत. तेव्हा कुणी त्याला आजार म्हटलं नाही, ते बरंच झालं. जमीन अधूनमधून हलतच होती, मग भीती वाटणारच.

तुमच्या वाडीचंही तेच आहे. ढग आले की बाहेर बसणाऱ्या माणसाला “घाबरू नका हो” म्हणून उपयोग नाही, कारण डोंगर अजून तिथंच आहे. त्यापेक्षा मंडळाच्या पोरांना रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावून द्या. पर्जन्यमापक बसवून रोजचा आकडा फळ्यावर लिहा. किती पाऊस झाला की कोणत्या शाळेत हलायचं, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, गुरांचं काय, हे तहसीलमधल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या माणसाला बोलावून एकत्र ठरवा. आता रिकामी बसलेली पोरं आहेत ना, त्यांना हेच काम द्या. आपल्या हातात काहीतरी आहे हे कळलं की झोप परत यायला लागते.

किल्लारीच्या पुनर्वसनात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी हलवली. रुंद सरळ रस्ते, ओळीने घरं. घरं भक्कम झाली, पण जुनी बोळ गेली. भावकीतलं घर चार ओळी पलीकडे गेलं आणि दुपारी बायका जिथे निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या ते ओटेच राहिले नाहीत. कित्येक म्हाताऱ्या नव्या घरात एकट्या पडल्या. उलट ज्या गावांत पडझड झाली पण गाव हलवलं नाही, तिथे लोकांनी स्वत:च्या घरांची दुरुस्ती स्वत: करून घ्यायची होती. अशा बाराशेहून जास्त गावांत सरकारने आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. माझी मावशी तिच्या गावात त्यांच्या सोबतीने फिरायची. काम तांत्रिक होतं: धाब्यावरची माती कमी करा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरावर बसवा, कोपरे बांधून घ्या, गवंड्याने सिमेंट-वाळूचं माप बरोबर घेतलं का ते बघा.

मावशी एखाद्या घरी भिंत बघायला गेली की बाई आधी भेगा दाखवायची. मग सांगायची, ही भिंत पडली तेव्हा सासूबाई इथे निजल्या होत्या. मावशी हातातला टेप तसाच धरून खाली बसायची. थोड्या वेळाने दोघी उठायच्या आणि उरलेली भिंत मोजायच्या. त्यांना कुणी समुपदेशन शिकवलं नव्हतं. पण निमित्त होतं, पुढच्या आठवड्यात परत यायचं कारण होतं, आणि बोलून झाल्यावर करायला काम होतं. म्हणून मी सांगते, ऐकणं आणि कामाला लागणं वेगळं करू नका. काकूंच्या दारी “तुमच्याशी बोलायला आलोय” म्हणून गेलात तर दार लागेल. वारसनोंदीचे कागद घेऊन गेलात तर चहा तरी होईल.

हा नुसता माझा अनुभव नाही. झिम्बाब्वेत २००५ मध्ये सरकारने शहरांतल्या वस्त्या पाडल्या, लाखो लोक उघड्यावर आले. त्या सुमारास डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांच्या एका तरुण रुग्णाने जीव दिला, कारण दवाखान्यात यायला बसभाड्याचे १५ डॉलर त्या घरात नव्हते. देशभरात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिबांडांनी हरारेतल्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना तयार केलं. या आज्या आधीपासून वस्तीत आरोग्याचं काम करत होत्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला, आणि त्यावर बसून आजी ऐकते. ‘डिप्रेशन’ हा शब्दही काढत नाही. तिकडचे लोक जे म्हणतात तेच म्हणते: फार विचार होतात.

मला त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आजी सगळ्या अडचणी ऐकून घेते आणि मग त्या माणसालाच त्यातली एक निवडायला सांगते. त्या एका अडचणीवर या आठवड्यात करता येईल असं काय आहे, ते दोघं मिळून ठरवतात. पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू होतं. काही बैठकांनंतर त्या माणसाला अशाच लोकांच्या गटात घेतात. तिथे बायका जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ लोक होते. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचेच उपचार मिळालेल्या बाकीच्या लोकांपैकी ५० टक्क्यांत.

आपल्याकडेही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात स्थानिक कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे लोक दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या प्रकल्पाने बचत गटांतल्या आणि शेतकरी गटांतल्या माणसांनाच शिकवलं. ऐकायचं कसं, अडचण सोडवायला मदत कशी करायची, सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं, हे सगळं एकाच माणसाकडे. तुमच्या गटाला जे करायचंय ते हेच आहे.

माणसं निवडताना मात्र घाई करू नका. सरपंचाने नेमलेली नकोत, आणि फार बोलणारी तर मुळीच नकोत. गावात अशा दोन-तीन बाया आणि एखादा बाप्या असतो, ज्यांच्याकडे लोक आपणहून जातात. बरेचदा ती अंगणवाडीताई असते, कधी भजनी मंडळातलं कुणी. पुरुष पुरुषाशीच बोलेल, म्हणून बाप्या हवाच. दारूला लागलेल्या पोरांशी त्यानेच बोलावं, पोरं शुद्धीवर असताना, शेतावर, इतरांच्या नजरेआड. आमच्याकडेही भरपाईचा पैसा आला आणि दारू वाढली, तेव्हा बायकांनी गुत्ते बंद पाडले. ते चांगलंच झालं, पण पोराच्या डोक्यातली ती रात्र गुत्ता बंद करून जात नाही.

निवडलेल्या माणसांकडून एक गोष्ट सगळ्यांसमोर कबूल करून घ्या: ऐकलेलं घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. वाडी लहान असते. एकदा का एकीचं बोलणं पाणवठ्यावर पोचलं की पुढे दोन वर्षं कुणी तोंड उघडणार नाही.

आणि हेही बोललंच पाहिजे की गाव नेहमी आधारच देतं असं नाही. मी विधवा झालेल्या कितीतरी जणींसोबत बसले आहे. त्यांना नवरा गेल्याच्या दु:खाइतकंच छळलं ते सुवासिनींच्या कार्यक्रमातून वगळण्याने, ‘पांढऱ्या पायाची’ या शब्दाने आणि सातबाऱ्यावर नाव लावायला दिराने केलेल्या टाळाटाळीने. अशा घरी नुसतं ऐकून येणं मला पुरेसं वाटत नाही. गटाने तिला हळदी-कुंकवाला बोलवावं, पहिल्या रांगेत बसवावं आणि दिराशी चार मोठ्या माणसांनी बोलावं. तिचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्यावा. आणि वस्तीत ज्यांची घरं कडेला आहेत, ज्यांना पारावर बसायला कुणी बोलवत नाही, त्यांच्याकडे आधी जा. तुमच्या यादीत तेच शेवटी येतील, हे आत्ताच धरून चाला.

देवऋषीकडे जाणाऱ्यांशी भांडू नका. गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन ‘दवा आणि दुवा’ एकत्र चालवली जातात, तसं जमलं तर उत्तम. मात्र कुणाला बांधून ठेवलं, उपाशी ठेवलं, मारलं किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तिथे गप्प बसायचं नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली पंचवीसहून जास्त माणसं पळू न शकल्याने जळून गेली.

आता काकू. त्या बोलत नाहीत तर ‘बोलाच’ असा आग्रह सोडा. त्या पूर्वी काय करायच्या ते आठवा: परसात भाजी लावायच्या, शाळेत खिचडी शिजवायच्या, हरिपाठाला जायच्या? त्यातलं सगळ्यात छोटं काम घेऊन एकाच बाईने, ठरलेल्या वारी, त्यांच्याकडे जावं. “मला एवढं मिरचीचं रोप लावून दाखवा” इतकंच. उत्तर नाही आलं तरी पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत जावं. दुर्घटनेला वर्ष भरेल त्या आठवड्यात रोज जावं. वर्षश्राद्धाच्या आसपास सगळं पुन्हा वर येतं. त्या दिवशी वाडीने एकत्र जेवण करावं, गेलेल्यांची नावं घ्यावीत आणि ज्याला थांबवत नाही त्याला उठून जाऊ द्यावं.

पण त्या जेवत नसतील, अंग धरत नसतील, कानात आवाज येतात म्हणत असतील, किंवा “मीही त्यांच्यासोबत जायला हवं होतं” असं काही तोंडून निघालं, तर थांबू नका. सरळ विचारा: काकू, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने माणूस तसं करतं हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात न्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथे असतात. ग्रामीण रुग्णालयात ती कोणत्या वारी येतात हे आशाताईला आजच विचारून ठेवा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गोळ्या सुरू झाल्या तर पहिले दोन-तीन आठवडे फरक दिसत नाही आणि लोक नेमक्या तेव्हाच सोडतात, म्हणून ज्या बाईने काकूंना रुग्णालयात नेलं तिनेच त्या काळात रोज डोकवावं आणि पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत जावं. तिच्या एसटीचा खर्च गटाच्या पैशातून द्या आणि तसा ठराव आधीच लिहून ठेवा.