‘काहीतरी गंमत झाली’ असं लिहू नकोस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं. त्यातली साडेतीन पानं इंदुरातल्या भंवरकुआंच्या क्लासची, टेस्टच्या मार्कांची आणि सगळे दिवस एकसारखे जातात या तक्रारीची. मग अगदी शेवटी एक ओळ: ‘परवा सिटी बसमध्ये एका आजींची आणि कंडक्टरची ‘खाली’ या शब्दावरून काहीतरी गंमत झाली, पण सांगण्यासारखं विशेष नाही.’ अरे, त्या चार पानांत सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि नेमकं तेच तू गाळलंस.

काय झालं असेल याचा अंदाज मला येतो. कंडक्टर म्हणाला असेल, "अम्मा, पीछे खाली है." हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मराठी आजींनी ऐकलं खाली, म्हणजे जमिनीवर. "खाली का म्हणून बसू? तिकीट पूर्ण घेतलंय!" असंच झालं का? की दुसरंच काही? माझा अंदाज कितीही बरा असला तरी तो माझा आहे, आजींचा नाही. त्या खरंच काय म्हणाल्या ते त्या दिवशी तुला ठाऊक होतं. आज बहुधा तुलाही ठाऊक नसेल.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि पत्रभर तीच सांगणार आहे. जसंच्या तसं लिही. त्याच शब्दांत, त्याच क्रमानं, त्याच दिवशी.

हा नुसता माझा हट्ट नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. पाठ केलेलं तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं, पुढं निसटण्याचा वेग मंदावतो. गमतीचं तर याहून वाईट. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती पुन:पुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ साली त्यानं हे प्रयोग मांडले. कथेतल्या कनूची, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीची, साधी बोट झाली, सीलची शिकार करायला निघालेली माणसं मासे धरायला गेली, आणि जे वाचकांना उमगलं नव्हतं ते गळूनच गेलं. आठवण विचित्र कोपरे घासून गुळगुळीत करते. गंमत असते ती त्या कोपऱ्यांत. म्हणजे विसरताना सर्वात आधी तीच जाते, आणि आपल्याला वाटत राहतं की सगळं आठवतंय.

आता साधनं. तळहातावर मावेल अशी वही घे, वरच्या बाजूला तारेची गुंडाळी असलेली, म्हणजे बसमध्ये उभ्यानं एका हातात धरून लिहिता येतं. बाजूनं शिवलेली वही दोन हात मागते. लिहायला पेन्सिल, एचबी. भिंतीला वही टेकवून लिहायला गेलं की बॉलपेनची शाई टोकाकडे उतरत नाही, आणि पावसाचा एक थेंब पडला की शाईपेनचं पान गेलं. पेन्सिल बोटभर लांब असली की पुरे, जाड दोऱ्यानं तारेला बांधून टाक. फोनवर लिहिणार असशील तर माझी हरकत आहे. फोन बाहेर काढला की समोरचा माणूस सावरून बसतो, आणि तू इतर निरोप वाचायला लागतोस.

तिथल्या तिथं पूर्ण वाक्य लिहायचं नाही. तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे, हातातली एखादी वस्तू आणि वेळ, एवढंच. ‘पीछे खाली है / पिशवी, मेथी / ८.४०.’ याला अर्धं मिनिटही लागत नाही. मग रात्री मोठ्या वहीत उजव्या पानावर पाच-सहा ओळी, फक्त जे पाहिलं आणि ऐकलं ते. डावं पान कोरं सोड. महिन्यानं तुला काही सुचलं, कोण कुठलं हे कळलं, तर ते डावीकडे. उजव्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. वाक्य सुधारायला बसलास की तू बार्टलेटच्या वाचकांचंच काम करायला लागलास. आठवड्याला तीन नोंदी भरपूर झाल्या. दिवसाला दहा होत असतील तर समज, तू बघत नाहीयेस, गोळा करतोयस.

आपल्या गावात आणखी एक खोड लागते. मराठीत लिहायचं म्हणून सगळं मराठीत उतरवायची. कृपा करून तसं करू नकोस. कंडक्टरचं वाक्य ‘मागे जागा रिकामी आहे’ असं लिहिलंस की संपलं, त्यावर आजी काहीही म्हणाल्या तरी त्याला अर्थ उरत नाही. इंदूरचा मराठी माणूस दिवसभर दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभा असतो. शिक्षा म्हणजे एका घरात अभ्यास आणि दुसऱ्या घरात छडी. चेष्टा म्हणजे इकडे प्रयत्न आणि तिकडे थट्टा. पुण्याहून आलेला पाहुणा ‘शिक्षा विभाग’ ही पाटी बघून रस्त्यात थबकतो. तो काय म्हणाला ते त्याच्या मराठीत लिही, आणि पानवाला ‘भिया, कां जा रिये हो’ म्हणाला असेल तर तेच लिही. ‘रिये’चं ‘रहे’ करू नकोस. जसंच्या तसं!

दिवस एकसारखे जातात अशी तुझी तक्रार आहे. तिथं तुझा विचार उलटा धावतोय. रोजचं नेमकं ठाऊक असल्याशिवाय वेगळं दिसत नाही. कचरागाडी गाणं वाजवत तुझ्या गल्लीत किती वाजता शिरते? पोह्यांच्या गाडीवर गरम पाण्याच्या भांड्यावरचे वाफेतले पोहे कितीला संपतात? जिरावन मसाला वरून घालतो तो उजव्या हातानं की डाव्या? एवढं माहीत असलेल्या माणसाला, गाडी एक दिवस गाण्याशिवाय आली आणि सगळी गल्ली बालद्या घेऊन उशिरा धावली, तर ते दिसतं. बाकीच्यांना फक्त आवाज ऐकू येतो. तुझे सारखे दिवस ही तुझी अडचण नाही रे, ते तुझं भांडवल आहे. क्लासला जायचा रस्ता महिनाभर बदलू नकोस.

रविवारी रात्री सराफा बाजारात जा, पण अकराच्या गर्दीत नको. नऊच्या सुमारास जा, सोन्याची दुकानं मिटत असतात आणि त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं उलगडत असतात तेव्हा. दिवसभर ज्या पायरीपाशी मिलिग्रॅममध्ये सोनं तोललं गेलं, त्याच पायरीवर तेलाची कढई चढते आणि थंडीच्या दिवसांत गराडूचे कंद तळायला घेतात. ही अदलाबदल अर्ध्या तासाची. एकाच जागी वीस मिनिटं उभा राहा. फिरलास की काही दिसत नाही.

दहीवडेवाला द्रोण हवेत उडवतो तेव्हा सगळं गाव वर बघतं. तू खाली बघ, बघणाऱ्यांकडे. तोंडं उघडी, हातातला चमचा अर्ध्यावर थांबलेला, कडेवरचं पोर मात्र आईच्या कानातल्याकडे बघतंय. द्रोण झेलला की सगळ्यांची तोंडं एकदम मिटतात. मग त्याच्या चिमटीकडे बघ. चार-पाच मसाले एकाच चिमटीत धरलेले आणि सुटतात एकेक करून. कोणतं बोट आधी ढिलं होतं, ते एका खेपेत कळणार नाही. पुन्हा जा. आणि बाहेरगावचा पाहुणा बरोबर असेल तर त्याला शिकंजी माग म्हणावं. तो लिंबाचं सरबत समजून बसलेला असतो, हातात येतं सुका मेवा घातलेलं दाट दूध. पहिला घोट घेताना त्याच्याकडे बघ, आणि तो काय बोलतो ते तेवढंच लिही. त्याच्या तोंडी चांगलं वाक्य घालू नकोस.

हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण हुशार मुलं इथंच बिघडवतात. तुझ्यासारखी. प्रसंगाला शेवट नसतो म्हणून ते एक चटकदार वाक्य रचून लावतात. मग पुढच्या पानाला त्याहून चटकदार लागतं, आणि सहा महिन्यांत वही खोटी होते. खरा प्रसंग अर्धवट सुटतो. आजी स्टॉपवर उतरून गेल्या, संपलं. अर्धवटच राहू दे. तसेच ‘भन्नाट’, ‘धमाल’, ‘मजेशीर’ हे शब्द वहीत नकोत. हे शब्द आले की समजावं, बघायचं राहून गेलंय. आणि कुणाच्या पडण्यावर, अडखळत्या बोलण्यावर, फाटक्या कपड्यावर एक ओळही नको. लिहिलेलं पान त्याच माणसाला मोठ्यानं वाचून दाखवता येईल का, एवढं विचार. येत नसेल तर पान फाड.

लोक म्हणतात, ही रिकामटेकड्यांची कामं. परीक्षेच्या वर्षात तर तुला म्हणतीलच. मी हे कधीच मान्य केलेलं नाही आणि आताही करणार नाही. रोज वीस मिनिटांनी कुणाची परीक्षा बुडत नाही. ज्या वर्षांत मी ‘वेळ नाही’ म्हणून वही मिटून ठेवली, त्या वर्षांचे माझ्याकडे पगाराचे कागद आहेत, विजेची बिलं आहेत, दुसरं काही नाही. आणि ज्या वर्षांत ‘आज फार हसलो’ एवढंच लिहिलं, त्या वर्षांत कशाला हसलो ते मला कुणीच सांगू शकत नाही, कारण ज्यांच्याबरोबर हसले त्यांतले बरेचजण आता नाहीत. म्हणून रागावते तुझ्यावर. तुला आजी मिळाल्या होत्या, बस मिळाली होती, दोन भाषा एका शब्दावर आदळल्या होत्या, आणि तू लिहिलंस ‘काहीतरी’.

पुढच्या पत्रात मार्क एका ओळीत कळव. उरलेल्या जागेत ती बस लिही. आजींच्या हातात पिशवी होती का, आणि तिच्यात काय दिसत होतं. कंडक्टर दुसऱ्यांदा तेच शब्द बोलला की बदलून. आजूबाजूचं कोण मध्ये पडलं, आणि कोणत्या भाषेत. शेवटी त्या बसल्या कुठं. आठवत नसेल तिथं ‘आठवत नाही’ असं लिही आणि जागा कोरी सोड.

कळावे,
तुझी
मावशी