हेलसिंकीत जंगल-हवामानावर पीएचडी: यायचं का?

पुण्यात एमएस्सी, हेलसिंकीत जंगल आणि हवामानावर पीएचडीची संधी, पुढे लोकांमध्ये जाऊन विज्ञान सांगायची इच्छा, सोबत पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. यावं का, असं विचारलंत. राहण्याच्या परवान्याचे नियम मिग्रीच्या, म्हणजे फिनलंडच्या स्थलांतर खात्याच्या, साइटवर आहेत, ते सोडतो.

विज्ञानाची काळजी नको. ह्यूतियाला या फिनलंडमधल्या संशोधन केंद्राच्या पाइनच्या जंगलात, जंगल हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतं-सोडतं याची मोजणी नव्वदच्या दशकापासून चालू आहे. सेकंदाला साधारण दहा नोंदी, त्यांच्या अर्ध्या तासाच्या सरासऱ्या. वारा पडलेल्या रात्री झाडांनी, मातीनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड खालीच साचतो, झाडांच्या वर मनोऱ्यावर बसवलेल्या यंत्राला कळत नाही. म्हणून त्या नोंदी गाळायच्या आणि पडलेली भोकं मॉडेलनं बुजवायची. गाळणी जरा बदलली की वर्षाची बेरीज हलते. हे काम येण्याआधीच आर किंवा पायथन या संगणकभाषांमध्ये हातानं करून पाहा; पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं अशाच मोजणी केंद्रांचं मेटफ्लक्स जाळं आहे, तिथे संधी मिळाली तर उत्तमच.

अडतं ते लोकांपाशी. इथलं निम्म्याहून अधिक जंगल कुटुंबांच्या मालकीचं. तोड कधी करू, विरळणी किती करू, दलदलीतले जुने चर बुजवू का, हे मालक विचारतो, आणि फिनिशमध्ये विचारतो. उत्तराचा संबंध थेट त्याच्या खिशाशी. तुमचे निबंध इंग्रजीत छापून येतील, पण गावच्या सभेत तुमचा आलेख दुसराच कुणी समजावेल. मला ते अजून झोंबतं. फिनिश पहिल्याच वर्षी धरा. प्रबंध लिहायला बसल्यावर कुणी भाषा शिकत नाही.

लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का घेऊन), इंग्रजी भाषांतरासह आणा. इथे ओळख क्रमांक नसला की बँक खातं रखडतं, आणि बँकेचे कोड नसले की सरकारी सेवांत लॉगिन होत नाही. इतक्या शहाण्या देशाला हा गुंता सुटू नये!

मुलीला बहुधा वर्षभर भाषेच्या पूर्वतयारी वर्गात बसवतील, गणितात ती कितीही पुढे असली तरी. याचा राग माझा गेलेला नाही. मराठीचा तास नगरपालिका देऊ शकते, पण सरकारी अनुदानाला गटात किमान चार मुलं लागतात. एका गावात चार मराठी मुलं जमवणं भोकं बुजवण्याहून अवघड.

एकटेपणा? नोव्हेंबर वाईट असतो, ड जीवनसत्त्व घ्या.

आणि मुख्य म्हणजे पैसे पगार म्हणून मिळणार की शिष्यवृत्ती म्हणून, हे गाईडकडून लेखी घ्या. शिष्यवृत्तीत विद्यापीठ तुमचं मालक नसतं. पेन्शनचा विमा स्वतः ‘मेला’ या विमा संस्थेकडे काढावा लागतो आणि कर्मचाऱ्यांची आरोग्यसेवाही बहुधा मिळत नाही. कुटुंब घेऊन येणार असाल तर पगाराचीच जागा धरा.